'होऊ घातलेला' खेळाडू : झायन विल्यमसन, ड्यूक विद्यापीठ आणि भरती-ड्राफ्टच्या भाषेची चिकित्सा

प्रास्ताविक

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलविषयी दरवर्षी विपुल लेखन प्रसिद्ध होते. त्यातील बरेचसे लेखन झालेल्या सामन्यांविषयी नसतेच. ते व्हावयाच्या गोष्टींविषयी असते. कोणता शाळकरी मुलगा कोणत्या विद्यापीठाकडे वळेल, आणि विद्यापीठात आलेला मुलगा व्यावसायिक संघांच्या निवडीत, म्हणजे 'ड्राफ्ट'मध्ये, कितव्या क्रमांकावर उचलला जाईल, या दोन प्रश्नांभोवती हे लेखन फिरत राहते. पहिल्या प्रश्नातून भरतीच्या क्रमवाऱ्या जन्माला येतात, तर दुसऱ्यातून 'मॉक ड्राफ्ट' नावाच्या अंदाज-याद्या आणि खेळाडूंचे पारख-अहवाल. या लेखनाची गणना सामान्यतः क्रीडा-वार्तांकनात केली जाते. प्रस्तुत लेखात मात्र ते एक स्वतंत्र लेखनप्रकार म्हणून वाचण्याचा प्रयत्न केला आहे. त्याला स्वतःची शब्दकळा आहे, स्वतःचा काळ आहे आणि, विशेष म्हणजे, स्वतःच्या चुका विसरण्याची स्वतःची अशी पद्धत आहे.

विवेचनासाठी २०१८-१९ या हंगामातील ड्यूक विद्यापीठाचा संघ आणि त्यातील झायन विल्यमसन हा खेळाडू निवडला आहे. कारण साधे आहे. भरती आणि ड्राफ्ट या दोन्ही बाजारांचे इतके लक्ष एकाच वेळी एकाच संघावर खिळल्याचे उदाहरण विरळा. आणि त्या हंगामात अशा काही घटना घडल्या की ही भाषा स्वतःच उघडी पडली. 'स्कूल' हा शब्द अमेरिकी बोलीत विद्यापीठालाही लावतात, हे येथे लक्षात ठेवावयास हवे.

ड्राफ्ट : निवड कोण कोणाची करतो?

आपल्याकडील वाचकाला खेळाडूंचा लिलाव परिचित आहे. २००८ पासून आयपीएलचा आणि २०१४ पासून प्रो कबड्डीचा लिलाव आपण दूरदर्शन संचावर पाहत आलो आहोत. लिलावात बोली लागते, आकडा चढतो आणि खेळाडूची किंमत सर्वांदेखत ठरते. एनबीए या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये बोली नसते. संघ पाळीपाळीने एकेका खेळाडूचे नाव पुकारतात. बादफेरीत न पोहोचलेल्या चौदा संघांत पहिल्या काही क्रमांकांसाठी सोडत निघते. दुबळ्या संघाला आधी संधी मिळावी हा त्यामागील हेतू. पहिल्या फेरीतील खेळाडूचे सुरुवातीचे वेतन त्याच्या क्रमांकावरून ठरते. म्हणजे लिलावात जी किंमत बोलली जाते, ती येथे क्रमांकाच्या पोटात दडलेली असते. खेळाडूने संघ निवडावयाचा नसतो. संघाने त्याला निवडावयाचे असते. 'ड्राफ्ट' आणि 'रिक्रूट' हे दोन्ही शब्द इंग्रजीत सैन्यभरतीचेही आहेत, हा योगायोग मानला तरी बोलका आहे.

येथे वयाचा नियम महत्त्वाचा ठरतो. १९९५ मध्ये केविन गार्नेट, १९९६ मध्ये कोबी ब्रायंट आणि २००३ मध्ये लेब्रॉन जेम्स हे शालेय शिक्षण संपवून थेट व्यावसायिक लीगमध्ये गेले. २००५ मध्ये लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यात झालेल्या कराराने ही वाट बंद केली. २००६ च्या ड्राफ्टपासून अमेरिकी खेळाडूने त्या वर्षात एकोणीस पूर्ण केलेली असावीत आणि शाळा सोडून त्याला एक वर्ष झालेले असावे, अशी अट आली. या नियमात विद्यापीठाचा उल्लेखही नाही. परंतु ते एक वर्ष घालवायचे कोठे, या प्रश्नाचे सर्वांत सोयीचे उत्तर विद्यापीठ हेच होते. अशा रीतीने ज्याला शिक्षण नको आहे असा विद्यार्थी आणि ज्याला विद्यार्थी नको, खेळाडू हवा आहे असे विद्यापीठ यांची एका वर्षापुरती सोयरीक जुळली. व्यवहारात तिला 'वन अँड डन' म्हणतात. आले, खेळले, गेले.

भरती : स्वप्नाची माहितीपुस्तिका

ड्यूकचे प्रशिक्षक माइक शशेफ्स्की १९८० पासून २०२२ पर्यंत त्या पदावर होते. त्यांच्या आरंभीच्या यशाची घडण वेगळी होती. १९९१ आणि १९९२ ची राष्ट्रीय विजेतेपदे ज्या संघाने मिळवली, त्यातील ख्रिश्चन लेटनर चारही वर्षे विद्यापीठात होता. १९९९ पर्यंत ड्यूकचा खेळाडू शिक्षण अर्धवट टाकून ड्राफ्टला जात नसे. त्या वर्षी तिघे गेले. २०११ मध्ये कायरी अर्विंग दुखापतीमुळे ड्यूककडून अवघे अकरा सामने खेळला आणि ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. २०१५ मध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या बळावर ड्यूकने पाचवे विजेतेपद मिळवले आणि त्यातील तिघे लगेच निघून गेले. एकच प्रशिक्षक, एकच मैदान. पण विद्यापीठ या शब्दाचा अर्थ त्या वीसेक वर्षांत बदललेला होता.

हा बदल ड्यूकने आरंभिलेला नाही. केंटकी विद्यापीठाचे तत्कालीन प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांनी तो अधिक मोकळेपणाने स्वीकारला. २०१० च्या ड्राफ्टमध्ये केंटकीचे पाच खेळाडू पहिल्या फेरीत निवडले गेले, तेव्हा त्या रात्रीचे वर्णन त्यांनी केंटकीच्या बास्केटबॉलच्या इतिहासातील सर्वांत मोठा दिवस असे केले होते. त्यावर जुने चाहते रागावले. ज्या विद्यापीठाच्या खात्यावर तेव्हा सात राष्ट्रीय विजेतेपदे होती, त्याचा सर्वांत मोठा दिवस म्हणजे मुले विद्यापीठ सोडून गेली तो दिवस! परंतु कॅलिपारी यांचा श्रोता चाहता नव्हताच. घराघरांतून दूरदर्शनवर ड्राफ्ट पाहणारा सतरा वर्षांचा पुढचा मुलगा हा त्यांचा श्रोता होता. ज्यांनी नॅकचा स्व-मूल्यमापन अहवाल लिहिला आहे, त्यांना ही भाषा अनोळखी वाटू नये. संस्थेत काय चालते यापेक्षा संस्थेतून बाहेर पडलेले कोठे पोहोचले, याचा तक्ता अधिक ठळक छापावा लागतो.

२०१८ च्या भरतीत ड्यूकने जे साधले ते अपूर्व होते. ईएसपीएनच्या क्रमवारीतील पहिले तिन्ही विद्यार्थी, आर. जे. बॅरेट, झायन विल्यमसन आणि कॅम रेडिश, एकाच विद्यापीठात आले. त्यांच्यासोबत ट्रे जोन्स हा चौथाही नामवंत होता. दक्षिण कॅरोलायनातील स्पार्टनबर्ग येथील एका लहान खाजगी शाळेत शिकणाऱ्या विल्यमसनच्या चित्रफिती तत्पूर्वीच लाखो लोकांनी पाहिल्या होत्या. ६ नोव्हेंबर २०१८ रोजी पहिल्याच सामन्यात ड्यूकने केंटकीचा ११८-८४ असा पराभव केला. बॅरेटने ३३, विल्यमसनने २८ आणि रेडिशने २२ गुण मिळवले. भरती करणाऱ्या दोन सर्वांत यशस्वी विद्यापीठांची ती गाठ होती, आणि त्या रात्रीनंतर ड्यूकचा हंगाम हा हंगाम राहिला नाही. तो ड्राफ्टची रंगीत तालीम ठरला.

पारख-अहवालाची शब्दकळा

या लेखनातील काही शब्द पाहू. खेळाडूला 'प्रॉस्पेक्ट' म्हणतात. मराठीत 'संभाव्य' म्हणता येईल; पण त्यातील भाव 'होऊ घातलेला' या आपल्या शब्दप्रयोगात अधिक नेमका उतरतो. त्याच्यात 'अपसाइड' असते, म्हणजे अजून न दिसलेला लाभ. त्याचे 'सीलिंग' किती आणि 'फ्लोअर' किती, हे सांगितले जाते, म्हणजे चांगल्यात चांगले काय होईल आणि वाईटात वाईट काय. तो 'रॉ' म्हणजे कच्चा असू शकतो. त्याची 'मोटर' कधी थांबत नाही किंवा कधी कधी थांबते. त्याचा 'स्टॉक' चढतो, उतरतो. त्याच्या पसरलेल्या बाहूंचा पल्ला इंचांत दिलेला असतो. शेवटी त्याची तुलना एखाद्या जुन्या खेळाडूशी करून अहवाल संपतो.

या शब्दांचे तीन गट सहज पडतात : बांधकाम, यंत्र आणि शेअर बाजार. शरीराच्या मोजमापांचा चौथा गट मात्र अधिक जुना आहे. गुरांच्या बाजारात बैलाचे दात पाहून वय ठरवावे, वशिंडावर हात फिरवावा, दोन पावले चालवून पाहावे, तसा हा प्रकार वाटतो. हे साम्य चटकन सुचते. म्हणूनच ते जपून वापरायला हवे. अमेरिकी पत्रकार विल्यम रोडेन यांनी २००६ मधील आपल्या ग्रंथात कृष्णवर्णीय खेळाडू आणि गोऱ्यांच्या हातातील क्रीडाउद्योग यांचे नाते गुलामगिरीच्या इतिहासाशी जोडून पाहिले आहे, आणि त्यांच्या मांडणीत तथ्य आहे. तरीही गुलामाला बाजारात स्वतःचे काही मिळत नव्हते आणि ड्राफ्टमध्ये पहिला निवडलेला युवक पहिल्याच वर्षी ९७ लाख डॉलरांहून अधिक मिळवतो, हा फरक पुसून टाकणारी समीक्षा आळशी म्हणावी लागेल. अडचण किमतीची नाही, काळाची आहे.

या अहवालांना वर्तमानकाळ नसतो. मुलगा आज काय खेळला हे लिहिताना वाक्याचा रोख 'त्यावरून पुढे काय' याकडे वळतो. भरतीच्या वेळी विद्यापीठ त्याला सांगते, तू पुढे ड्राफ्टमध्ये जाशील. ड्राफ्टच्या वेळी संघ विचारतो, तू पुढे काय होशील? दोन भविष्यकाळांच्या चिमट्यात त्याचे विद्यापीठातील वर्ष सापडते. वस्तुतः हे दोन लेखनप्रकार नाहीतच. एकच संहिता आहे. ती एकदा विद्यापीठाच्या वतीने आणि एकदा संघाच्या वतीने वाचली जाते, एवढेच.

दुसरी एक संहिता

याच विषयावर वर्तमानकाळात बोलता येते, याचा पुरावा 'हूप ड्रीम्स' हा स्टीव्ह जेम्स यांचा १९९४ चा माहितीपट देतो. तो शाळकरी वयापासून सुरू होतो, कारण भरतीची साखळी तेथूनच सुरू होते. शिकागोतील विल्यम गेट्स आणि आर्थर एगी या दोन मुलांना उपनगरातील सेंट जोसेफ या खाजगी शाळेने बास्केटबॉलसाठी हेरले. गेट्सला आर्थिक पाठबळ मिळाले. एगीच्या घरून शुल्क भरले गेले नाही, म्हणून त्याला शाळा सोडून शहरातील मार्शल या सार्वजनिक शाळेत जावे लागले. सुमारे पाच वर्षे चित्रण करून, सुमारे अडीचशे तासांच्या फितीतून जवळजवळ तीन तासांचा हा पट घडवला गेला.

त्याचे मोल असे की तो ज्या मुलांविषयी आहे ती दोघेही एनबीएपर्यंत पोहोचली नाहीत; तरी पट अपुरा वाटत नाही. पारख-अहवालाच्या दृष्टीने गेट्सचा दुखावलेला गुडघा म्हणजे 'स्टॉक' उतरणे. पटात तो एका मुलाचा गुडघा आहे. एगीच्या घरची वीज तोडली जाते, त्याची आई परिचारिका-साहाय्यकाचा अभ्यासक्रम पूर्ण करून पदवीदानास उभी राहते, आणि ते दृश्य कोणत्याही सामन्याइतके रंगते. नायकीच्या उन्हाळी शिबिरात देशभरातील विद्यापीठांचे प्रशिक्षक बाकांवर ओळीने बसून मुलांकडे पाहतात, तेव्हा कॅमेरा मुलांकडे नव्हे तर पाहणाऱ्यांकडे वळतो. या एका वळणात समीक्षा आहे. गेट्सच्या तोंडी पटात एक भाव येतो : लोक त्याला म्हणतात, एनबीएत गेलास की आम्हाला विसरू नकोस, त्याला वाटते, उलट म्हणावे, मी नाही पोहोचलो तर तुम्ही मला विसरू नका. 'होऊ घातलेला' या शब्दाला दिलेले इतके थेट उत्तर दुसरे प्रस्तुत लेखिकेच्या पाहण्यात नाही.

दोन सहकारी

क्रमवारीची भाषा किती अचूक असते, हा प्रश्न साहजिकच येतो. विल्यमसन शाळकरी वयात दक्षिण कॅरोलायनातील एका हौशी संघातून उन्हाळी स्पर्धा खेळत असे. त्याच संघात त्याच राज्यातील जा मोरँट हा मुलगा होता. एक देशात दुसरा गणला गेला. दुसऱ्याला राष्ट्रीय क्रमवाऱ्यांनी आपल्या यादीत घेतलेच नाही. केंटकी राज्यातील मरे स्टेट या लहान विद्यापीठाचे सहायक प्रशिक्षक २०१६ मध्ये दुसऱ्याच एका खेळाडूला पाहावयास एका शिबिराला गेले होते. खाण्यासाठी काही घ्यावे म्हणून ते बाहेर पडले, तेव्हा बाजूच्या सभागृहात तिघातिघांचा खेळ चालू असल्याचा आवाज त्यांच्या कानी आला आणि तेथे त्यांना मोरँट दिसला. २०१८-१९ मध्ये मोरँटने सरासरी २४.५ गुण आणि दहा सहाय्यांचा हंगाम केला. महाविद्यालयीन खेळात सरासरी वीस गुण आणि दहा सहाय्ये एकाच हंगामात नोंदवणारा तो पहिलाच. २० जून २०१९ च्या ड्राफ्टमध्ये न्यू ऑर्लीन्सने पहिला विल्यमसन निवडला आणि मेम्फिसने दुसरा मोरँट.

एकाच संघातील दोन मुले, देशातील पहिले दोन क्रमांक. शेजारी उभ्या असलेल्या दोघांपैकी एकच पारख्यांना दिसला, कारण सर्वांचे डोळे आधीच त्याच्यावर होते. क्रमवारी गुण मोजते असे आपण समजतो. ती पुष्कळदा लक्ष मोजते. कोणत्या शिबिरात गेला, कोणत्या कंपनीच्या बुटांचा संघ, किती चित्रफिती फिरल्या. भुकेल्या माणसाचे पाय बाहेर वळले नसते तर काय झाले असते, याची नोंद कोणत्याही अहवालात नसते. आणि ड्यूकच्या तिघांपैकी? हंगामाआधी अनेक अंदाज-याद्यांत अग्रभागी असलेला बॅरेट तिसरा निवडला गेला, रेडिश दहावा. यातही क्रमवारीचा पराभव मानला जात नाही. ती केवळ सुधारली जाते. कालची यादी आजच्या यादीखाली गडप होते आणि लेखकाला आपले शब्द परत घ्यावे लागत नाहीत. समीक्षेच्या क्षेत्रात अशी सवलत मिळाली असती तर आपल्यापैकी अनेकांचे लेखन फार सोपे झाले असते.

वीस फेब्रुवारी

२० फेब्रुवारी २०१९ रोजी ड्यूकच्या मैदानावर शेजारचे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ आले. ही लढत जुनी. त्या दिवशी माजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा प्रेक्षकांत होते आणि तिकिटांची फेरविक्री हजारो डॉलरांवर गेली होती. सामना सुरू होऊन अर्धा मिनिट होतो न होतो तोच विल्यमसनने वळण घेतले आणि त्याच्या डाव्या पायातील नायकीचा बूट फाटून पाऊल बाहेर आले. उजवा गुडघा मुरगळला. तो उठून गेला तो परतला नाही. ड्यूकने सामना ७२-८८ असा गमावला. दुसऱ्या दिवशी नायकीच्या समभागाचा भाव सुमारे एक टक्क्याने उतरला.

यानंतरची चर्चा मनोरंजक आहे. माजी खेळाडू स्कॉटी पिपेन यांनी जानेवारीतच सुचवले होते की विल्यमसनने हंगाम थांबवावा, कारण मिळवायचे ते त्याने मिळवले आहे. बूट फाटल्यावर हा सल्ला सर्वतोमुखी झाला. त्यातील हिशेब चुकीचा नव्हता. विद्यापीठाकडून त्याला शिष्यवृत्तीपलीकडे वेतन मिळत नव्हते. गमावण्यासारखे मात्र कोट्यवधी डॉलर होते. उलट बाजूचे म्हणत, खेळावर प्रेम असेल तर त्याने खेळावे. हे म्हणणाऱ्यांत ज्यांची वेतने त्याच्या खेळावर चालत होती असेही होते. दूरदर्शन हक्कांसाठी वाहिन्यांनी २०१० मध्ये चौदा वर्षांचे १०.८ अब्ज डॉलर एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडासंस्थेला देऊ केले होते. प्रेमाचा उपदेश कोणी कोणाला करावा, यालाही काही धरबंध असावा.

१४ मार्चला तो परतला. सिरॅक्यूजविरुद्ध त्याने तेरा वेळा बास्केटचा यत्न केला आणि तेराही वेळा चेंडू जाळीत गेला. २९ गुण, १४ रिबाउंड. संघसहकाऱ्यांना मध्येच सोडणे त्याला मान्य नव्हते, असे त्याने सांगितले. या परतण्याचे गोडवे गाण्याचा मोह आवरायला हवा. वयाच्या नियमाने ज्याला त्या मैदानात आणून उभे केले, त्याच्या तेथे राहण्याला निखळ निष्ठा म्हणणे हा पुन्हा सोयीचाच अर्थ. परंतु दोन्ही पक्षांनी त्याच्या खेळण्याला एकतर जोखीम मानले किंवा त्याग मानले. त्याने ते केवळ खेळणे मानले असावे, ही शक्यता चर्चेत फारशी आली नाही. तेरापैकी तेरा ही नोंद जोखमीच्या रकान्यात बसत नाही आणि त्यागाच्याही नाही.

येथे 'स्टुडंट-अॅथलीट' या जोडशब्दाचा उल्लेख आवश्यक आहे. एनसीएएचे दीर्घकाळचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी १९९५ मधील आपल्या आत्मपर ग्रंथात मान्य केले की १९५० च्या दशकात जायबंदी खेळाडूंना कामगार म्हणून नुकसानभरपाई द्यावी लागू नये, या धास्तीतून ही संज्ञा रूढ केली गेली. म्हणजे 'विद्यार्थी' हा शब्द येथे विद्या दाखवण्यासाठी नव्हे, तर वेतन झाकण्यासाठी आला. अध्यापक म्हणून हे वाचताना अस्वस्थ वाटते. आपल्या हजेरीपटावर खेळाडूच्या नावापुढे 'स्पर्धेसाठी अनुपस्थित' असे लिहिताना आपणही तो शब्द तितकाच सैल वापरत असतो, आणि परीक्षेत सवलतीचे गुण दिले की आपले त्याच्याशी असलेले नाते पूर्ण झाले असे मानतो. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

त्यानंतरचे बदल

२१ जून २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एनसीएएच्या विरोधात एकमताने निर्णय दिला. १ जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावाच्या आणि प्रतिमेच्या वापरातून उत्पन्न मिळवण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार २०२५-२६ या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरांपर्यंत रक्कम थेट खेळाडूंना वाटता येऊ लागली. दुसऱ्या विद्यापीठात जाण्याचे नियमही सैल झाले. वेतन झाकणारा पडदा बराचसा सरकला, हे स्वागतार्हच.

भाषा मात्र तशीच राहिली. २०२४-२५ मध्ये ड्यूकने मेन राज्यातील कूपर फ्लॅग याला आणले. तो वर्षभर खेळला, संघ उपांत्य फेरीत ह्यूस्टनकडून ७०-६७ असा हरला, आणि २५ जून २०२५ रोजी डॅलसने त्याला पहिला निवडले. त्याच ड्राफ्टमध्ये ड्यूकचे आणखी दोघे चौथे आणि दहावे होते. २०१९ चे क्रमांक पहिला, तिसरा, दहावा. सहा वर्षांनी जवळजवळ तीच पंगत. दोन्ही वर्षी विजेतेपद दुसरीकडे गेले. २०१९ मध्ये ते व्हर्जिनियाला मिळाले. आदल्या वर्षी अगदी तळाच्या मानांकनाच्या संघाकडून हरलेल्या त्या विद्यापीठात दोन-तीन वर्षे मुरलेले खेळाडू होते. २०२५ मध्ये ते फ्लोरिडाला मिळाले. त्याचा प्रमुख खेळाडू वॉल्टर क्लेटन हा अन्य विद्यापीठातून आलेला, चौथ्या वर्षाचा विद्यार्थी होता. यावरून भरतीने विजेतेपद मिळत नाही असा नियम काढणे घाईचे होईल. २०१५ चे उदाहरण समोर आहेच. एवढे मात्र दिसते की भरतीची क्रमवारी आणि ड्राफ्टची यादी एकमेकींशी जितक्या जुळतात, तितकी त्यांतील एकही मैदानावरील निकालाशी जुळत नाही. त्या परस्परांना वाचतात.

विल्यमसनच्या पुढील वाटचालीने तर 'सीलिंग' आणि 'फ्लोअर' दोन्ही शब्द निरुपयोगी ठरवले. तो दोनदा ऑल-स्टार झाला आणि पायाच्या दुखापतीमुळे २०२१-२२ चा संपूर्ण हंगाम बाहेर बसला. तो यशस्वी की अयशस्वी, याचा निवाडा अहवालाच्या भाषेत होणार नाही.

एकतीस मार्च

आता २०१९ च्या हंगामाकडे परतू, कारण त्याचा शेवट कसा झाला हे सांगायचे राहिले आहे. राष्ट्रीय स्पर्धेत ड्यूकला अव्वल मानांकन होते. सेंट्रल फ्लोरिडाविरुद्ध संघ ७७-७६ असा कसाबसा वाचला. विल्यमसनचा हुकलेला फ्री थ्रो बॅरेटने परतवून जाळीत घातला होता. त्यापुढे व्हर्जिनिया टेकला ७५-७३ असे हरवले. ३१ मार्च रोजी वॉशिंग्टन येथे उपांत्यपूर्व फेरीत मिशिगन स्टेट समोर आले. शेवटचा अर्धा मिनिट उरला असताना ड्यूक एका गुणाने पुढे होते. मिशिगन स्टेटच्या केनी गॉइन्सने तीन गुणांच्या रेषेबाहेरून चेंडू उचलला. त्याच्या समोर दोन्ही अहवालांतील सर्वांत मौल्यवान हात उंचावलेला होता, विल्यमसनचा. चेंडू त्या हातावरून जाळीत गेला.

गॉइन्स विद्यापीठात 'वॉक-ऑन' म्हणून आला होता. म्हणजे शिष्यवृत्ती नसताना, स्वखर्चाने, संघात घ्याल का असे विचारत. इतर लहान विद्यापीठे त्याला शिष्यवृत्ती देत होती. ती सोडून तो येथे आला. शिष्यवृत्ती त्याला पुढे मिळाली. त्या संध्याकाळी तो पाचव्या वर्षाचा विद्यार्थी होता. सामना संपायला पाच सेकंद असताना बॅरेटला दोन फ्री थ्रो मिळाले. बरोबरीसाठी दोन्ही हवे होते. पहिला हुकला. दुसरा त्याला मुद्दाम हुकवायचा होता, म्हणजे परतलेला चेंडू आपल्याच कोणाच्या हाती पडेल. तो नेमका जाळीत गेला. ६८-६७. ड्यूकचा हंगाम तेथे संपला.

वीस जूनच्या रात्री पुकारल्या गेलेल्या साठ नावांत गॉइन्सचे नाव नव्हते.